आपला व्यवसाय, आपला परवाना
रायगड किनाऱ्यावरील स्वयंरोजगारितांसाठी काही मार्गदर्शन

अलिबागहून रेवदंड्याच्या दिशेने निघाले की आक्षी, नागाव, चौल ही गावे एकमेकांच्या हातात हात घालून उभी असलेली दिसतात. दोन्ही बाजूंस नारळी-पोफळीच्या वाड्या आणि प्रत्येक दहा-वीस पावलांवर एक पाटी : "घरगुती राहण्याची व जेवणाची सोय". कोठे सोडे व सुके बोंबील विकावयास मांडलेले, कोठे पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या. पुढे काशीद, मुरूड, आणि खाडीपलीकडे दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वरपर्यंत हेच दृश्य थोड्याफार फरकाने दिसते. या पाट्यांमागे कोणी मोठा भांडवलदार नसतो. घरातील दोन खोल्या, एक होडी, एक शेगडी किंवा वीस गुंठ्यांची वाडी एवढ्याच भांडवलावर स्वतःच्या पायांवर उभे राहू पाहणारी ही माणसे आहेत.

काही काळापूर्वी जिल्हा मुख्यालयात अशाच एका भगिनीची गाठ पडली. नागावनजीकच्या एका गावी त्यांची वीस गुंठ्यांची वाडी आहे. दिनांक ३ जून २०२० रोजी दिवेआगर-श्रीवर्धनच्या आसपास किनाऱ्यावर आदळलेल्या 'निसर्ग' चक्रीवादळाने त्या वाडीतील बहुतेक पोफळी आडव्या केल्या. नवी पोफळ लावल्यापासून सुपारी हाती येण्यास सहा-सात वर्षे लागतात. तोवर घर चालावे म्हणून त्यांनी राहत्या घरातील दोन खोल्या पर्यटकांना देण्यास आरंभ केला. त्यांस आणखी दोन न्हाणीघरे बांधावयाची होती व त्यासाठी कर्ज हवे होते. हातातील प्लॅस्टिकच्या पिशवीतून त्यांनी एकेक कागद काढून टेबलावर ठेवला : उद्यम नोंदणीचे प्रमाणपत्र, 'गुमास्ता'ची पावती, ग्रामपंचायतीचा नाहरकत दाखला, घरपट्टीची पावती, शिधापत्रिकेची प्रत. "साहेब, एवढे कागद जमवले, तरी म्हणतात परवाना नाही," असे त्या म्हणाल्या.

त्यांचे म्हणणे खरे होते आणि बँकेचे म्हणणेही खरे होते. कागद पुष्कळ होते. परंतु ज्या कामासाठी कर्ज हवे होते, त्या कामाची नोंदणी करणारा कागद त्यांत नव्हता. अशी स्थिती या किनाऱ्यावर अनेकांची आहे. म्हणून स्वतःचा व्यवसाय करणाऱ्याने आपणास लागणारा परवाना कोणता हे कसे ओळखावे, याचा विचार येथे केला आहे.

परवाना, नोंदणी आणि सूचना

सर्वप्रथम तीन शब्दांतील भेद समजून घेणे अगत्याचे आहे. बोलण्यात आपण साऱ्यांनाच 'लायसन' म्हणतो. कायद्याच्या दृष्टीने मात्र ते तीन निराळे प्रकार होत.

परवाना म्हणजे एखादे काम करण्यास शासनाने दिलेली पूर्वपरवानगी. ती मिळेपर्यंत काम सुरू करता येत नाही. समुद्रात प्रवासी होडी चालविणे किंवा मद्यविक्री करणे ही परवान्याची कामे आहेत. नोंदणी म्हणजे आपण अमुक व्यवसाय करीत आहोत हे संबंधित अधिकाऱ्याच्या दप्तरी लागणे. नोंदणीसही अटी असतात, पण त्या तुलनेने सौम्य असतात. सूचना म्हणजे केवळ कळविणे. तिची पोच मिळते, पण त्या पोचेने कोणतीही परवानगी मिळत नाही.

ज्यास सर्वत्र 'गुमास्ता' म्हणतात, त्याची गोष्ट पाहण्यासारखी आहे. गुमास्ता म्हणजे दुकानातील कारकून किंवा मुनीम. दुकानांत राबणाऱ्या अशा नोकरांच्या कामाचे तास, सुट्टी व वेतन यांस संरक्षण मिळावे म्हणून १९४८ साली दुकाने व आस्थापना अधिनियम झाला आणि त्याखालील नोंदणीस लोकांनी हे नाव दिले. त्या अधिनियमाची जागा २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना (नोकरीचे व सेवाशर्तींचे विनियमन) अधिनियमाने घेतली. या नव्या अधिनियमाने लहान व्यावसायिकांवरील भार हलका केला. एकट्याने किंवा दोन-चार माणसांच्या साहाय्याने काम करणाऱ्यास आता नोंदणीची आवश्यकता नाही. व्यवसाय सुरू केल्यापासून ६० दिवसांच्या आत ऑनलाइन सूचना दिली की पुरते. म्हणजे आपल्या हाती असते ती सूचनेची पोच. ती कामगार कायद्याखालील पोच आहे. तिने खानावळ चालविण्याची, पाहुणे ठेवण्याची वा किनाऱ्यावर टपरी टाकण्याची परवानगी मिळत नाही.

उद्यम नोंदणीचेही तसेच. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली ही नोंदणी म्हणजे आपण सूक्ष्म, लघु किंवा मध्यम उद्योगांपैकी कोठे बसतो याचे स्वयंघोषणेवर आधारलेले प्रमाणपत्र होय. १ एप्रिल २०२५ पासून यंत्रसामग्रीतील गुंतवणूक अडीच कोटी रुपयांपर्यंत व उलाढाल दहा कोटी रुपयांपर्यंत असलेला उद्योग 'सूक्ष्म' गणला जातो. बँकेचे कर्ज, शासकीय योजना, थकलेल्या रकमेची वसुली यांसाठी हे प्रमाणपत्र उपयुक्त आहे. ते पूर्णपणे मोफत मिळते. त्यासाठी कोणी पैसे मागितले तर ते शासनाचे शुल्क नसून मागणाऱ्याची मजुरी आहे, हे ध्यानी ठेवावे. वर उल्लेखिलेल्या भगिनींनी या मोफत कागदासाठी दीड हजार रुपये मोजले होते.

मग योग्य परवाना ओळखावा कसा? त्यासाठी अर्ज हाती घेण्यापूर्वी स्वतःस चार प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न : काम नेमके कोणते?

'हॉटेल', 'टुरिझम', 'मच्छीचा धंदा' ही उत्तरे पुरेशी नाहीत. आपण वस्तू तयार करतो, तयार वस्तू विकतो की सेवा देतो, हे एका वाक्यात लिहून काढावे. ज्यांची कामे एकाहून अधिक असतील त्यांनी तितकी वाक्ये लिहावीत.

याचे महत्त्व मासळीच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ हा शेतकऱ्यास त्याच्या शेतावरील पिकापुरता आणि मच्छीमारास त्याच्या मासेमारीपुरता लागू होत नाही. स्वतःच्या वाडीतला नारळ किंवा स्वतःच्या शेतातील पांढरा कांदा विकणाऱ्या शेतकऱ्यास त्या विक्रीसाठी अन्न नोंदणीची काळजी करण्याचे कारण नाही. परंतु तीच मासळी विकत घेऊन सुकविली, साफ केली, पिशवीत भरली व तीवर नाव छापून मुंबईच्या दुकानाकडे पाठविली की तो अन्नव्यवसाय झाला. नारळ विकणे ही शेती, पण त्याच नारळाच्या वड्या करून विकणे हा अन्नव्यवसाय. माल तोच, घर तेच, माणूस तोच. काम बदलले की कायदा बदलतो.

होडीचेही असेच आहे. मासेमारी करणाऱ्या नौकेस महाराष्ट्र सागरी मासेमारी विनियमन अधिनियम, १९८१ अन्वये मत्स्यव्यवसाय विभागाचा परवाना लागतो. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. या बंदीच्या आगेमागे, किंवा सुट्टीच्या दिवसांत, त्याच होडीतून पर्यटकांना फेरफटका घडवावा असा मोह होतो. पण मासेमारीचा परवाना हा प्रवासी वाहतुकीचा परवाना नव्हे. प्रवासी होडी आणि जलक्रीडा यांसाठी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे जावे लागते. रायगडच्या किनाऱ्याचे काम मंडळाच्या मोरा व राजपुरी या बंदर समूहांकडे आहे. तेथे नौकेची तपासणी होते, किती माणसे बसवावयाची ते ठरते, चालविणाऱ्याची पात्रता पाहिली जाते आणि प्रत्येक प्रवाशासाठी जीवरक्षक जाकिटे आहेत की नाहीत हे तपासले जाते. हा परवाना टाळणारा केवळ दंडाचा धोका पत्करीत नाही. दुसऱ्याच्या लेकराबाळांचा जीव तो पणास लावीत असतो.

दुसरा प्रश्न : जागा कोठे आणि कोणाची?

व्यवसायाचे ठिकाण नगरपरिषद वा नगरपंचायत हद्दीत आहे की ग्रामपंचायत हद्दीत, हे प्रथम पाहावे. उरण, अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन येथे नगरपरिषदा आहेत. शहरातील फेरीवाल्यास पथविक्रेता अधिनियम, २०१४ अन्वये विक्री प्रमाणपत्राची तरतूद आहे. खेडेगावी ती नाही. गावात व्यवसायाच्या अर्जासोबत बहुधा ग्रामपंचायतीचा नाहरकत दाखला आणि घराचा नमुना ८ चा उतारा मागितला जातो. ही कागदपत्रे आधी काढून ठेवावीत. मात्र नाहरकत दाखल्याचा अर्थ 'आमची हरकत नाही' एवढाच असतो. इतर खात्यांची परवानगी त्यात अंतर्भूत नसते.

किनारपट्टीवर जागेचा दुसराही एक प्रश्न आहे. सागरी किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना समुद्राच्या भरतीरेषेपासून जमिनीकडे ५०० मीटरपर्यंत आणि खाड्यांच्या काठीही लागू होते. या पट्ट्यात नवे बांधकाम करण्यापूर्वी महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाच्या कक्षेतील नियम पाहावे लागतात. शेजाऱ्याने बांधले म्हणून आपणही बांधावे, हा युक्तिवाद येथे उपयोगी पडत नाही. उलट एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते : २०१९ च्या अधिसूचनेने मच्छीमारांसह स्थानिक रहिवाशांना, असलेल्या घराचे जोते, रचना व दर्शनी भाग न बदलता, पर्यटकांसाठी घरगुती निवासाची सोय करण्यास वाव ठेवलेला आहे. म्हणजे आहे त्या घरात पाहुणे ठेवण्याचा मार्ग मोकळा आहे. अडचण येते ती परवानगीविना घर वाढविल्याने.

प्रत्यक्ष वाळूवरील जागा तर शासनाची. तेथे टपरी टाकणाऱ्याकडे बाजार फीची पावती असली, तरी ती जागेचा हक्क देत नाही. शासनाने २०२० मध्ये किनाऱ्यावरील कुटींचे धोरण जाहीर केले आणि प्रायोगिक तत्त्वावर कोकणातील आठ किनारे निवडले. त्यांत रायगडमधील वरसोली व दिवेआगर यांचा समावेश होता. या कुटी तात्पुरत्या स्वरूपाच्या, ठरावीक आकाराच्या व मुदतीच्या असाव्यात आणि स्थानिकांना रोजगार मिळावा, असे या धोरणाचे सूत्र आहे. ज्यास किनाऱ्यावरच व्यवसाय करावयाचा असेल, त्याने आधी टपरी व मग धावपळ असे न करता अशा वाटपाची चौकशी आधी करावी.

तिसरा प्रश्न : अन्न, मद्य किंवा मोजमाप यांचा संबंध येतो काय?

पाहुण्यास चहा-नाश्ता जरी मूल्य घेऊन दिला, तरी तो अन्नव्यवसाय होय. येथे नोंदणी व परवाना असे दोन स्तर आहेत. फिरते विक्रेते, तात्पुरत्या टपऱ्या, कुटिरोद्योग अशा लहान व्यावसायिकांना परवान्याऐवजी केवळ नोंदणी पुरते. २०११ च्या विनियमांनी वार्षिक १२ लाख रुपयांपर्यंतच्या उलाढालीस नोंदणी व वर्षाला १०० रुपये शुल्क ठरविले आणि त्याहून मोठ्यांस परवाना आवश्यक केला. अशा मर्यादा वेळोवेळी सुधारल्या जातात. म्हणून अर्ज करतेवेळी चालू मर्यादा पाहून मगच वर्ग निवडावा. नोंदणीनंतर मिळणारा १४ अंकी क्रमांक दर्शनी भागी लावावा लागतो. वर्ग निवडताना 'विक्रेता' आणि 'उत्पादक' यांत गल्लत करू नये. घरी कोकम आगळ किंवा पापड करून विकणारी गृहिणी उत्पादक आहे. दुसऱ्याचे पापड आणून विकणारा दुकानदार विक्रेता आहे.

माल पिशवीत बंद करून विकावयाचा असेल, तर वैध मापन अधिनियम, २००९ व त्याखालील वेष्टित वस्तूंचे नियम लागू होतात. वेष्टनावर उत्पादकाचे नाव-पत्ता, निव्वळ वजन, महिना व वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क इत्यादी मजकूर असावा लागतो. बाजारात सुटी मासळी तोलून विकणाऱ्या भगिनींनीही आपला तराजू व वजने वैध मापन यंत्रणेकडून मुदतीत पडताळून घेणे आवश्यक आहे.

मद्याविषयी दोन शब्द स्पष्टपणे सांगणे इष्ट. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ अन्वये राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या परवान्याविना मद्य, तसेच ताडीही, विकता वा पुरविता येत नाही. पाहुण्यांच्या आग्रहास्तव 'आणून देणे' हेदेखील यजमानास अडचणीत आणू शकते. पर्यटन नोंदणीने किंवा अन्न नोंदणीने हा अधिकार प्राप्त होत नाही.

चौथा प्रश्न : उलाढाल किती आणि माल कोठे जातो?

वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून लागू झाला. महाराष्ट्रात केवळ वस्तूंचा पुरवठा करणाऱ्यास सर्वसाधारणपणे वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांवर गेल्यास, आणि सेवा देणाऱ्यास २० लाख रुपयांवर गेल्यास नोंदणी करावी लागते. खोल्या भाड्याने देणे व जेवण पुरविणे या सेवा होत. म्हणून घरगुती निवासाच्या चालकाने २० लाखांची मर्यादा आपली समजावी. वस्तू राज्याबाहेर विकावयाच्या असल्यास उलाढाल लहान असूनही सामान्यतः नोंदणी आवश्यक ठरते. अलिबागहून गोव्याच्या दुकानदारास माल पाठविणाऱ्याने हे विसरू नये. त्याचप्रमाणे १९७५ च्या व्यवसाय कर अधिनियमाच्या अनुसूचीत आपला व्यवसाय येत असल्यास वर्षाला २,५०० रुपये व्यवसाय कर भरावा लागतो.

एका घराचा हिशेब

आता त्या भगिनींच्या पिशवीकडे परत येऊ. चार प्रश्नांची उत्तरे आम्ही एका कागदावर मांडली. काम दोन प्रकारचे : राहत्या घरातील दोन खोल्या पर्यटकांना देणे व त्यांना जेवण करून घालणे. जागा स्वतःची, ग्रामपंचायत हद्दीतील. अन्नाचा संबंध आहे, मद्याचा नाही. उलाढाल कोणत्याही कर मर्यादेच्या पुष्कळ खाली.

कोणीतरी त्यांस 'कृषी पर्यटन केंद्र' नोंदवा असे सुचविले होते आणि त्या त्याच खटपटीत होत्या. नाव आकर्षक आहे, परंतु २०२० च्या कृषी पर्यटन धोरणात किमान एक एकर शेतजमिनीची अट आहे. एक एकर म्हणजे चाळीस गुंठे. त्यांची वाडी वीस गुंठ्यांची. म्हणजे तो अर्ज मुळातच टिकणारा नव्हता. त्यात आणखी सहा महिने घालविले असते तरी उत्तर तेच आले असते. त्यांच्या कामास योग्य ती नोंदणी म्हणजे पर्यटन संचालनालयाकडील घरगुती निवासाची, ज्यास 'न्याहारी व निवास' या नावानेही ओळखतात. कोकण विभागाचे संचालनालयाचे कार्यालय नवी मुंबई येथे आहे.

ही नोंदणी त्यांच्या दृष्टीने का मोलाची होती? शासनाने २०२३ मध्ये 'आई' हे महिलाकेंद्रित पर्यटन धोरण जाहीर केले. त्याखाली महिलांच्या मालकीच्या पर्यटन व्यवसायास १५ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जावरील व्याजाचा, ठरलेल्या मर्यादेत, परतावा मिळण्याची तरतूद आहे. परंतु त्यासाठी व्यवसाय पर्यटन संचालनालयाकडे नोंदलेला असला पाहिजे. पिशवीतील पाचही कागद खरे असूनही या एका कागदावाचून ते दार बंद होते. न्हाणीघरे वाढविण्याचा प्रश्नही जागेशी निगडित होता. त्यांचे घर समुद्रापासून किती अंतरावर येते हे किनारा क्षेत्राच्या नकाशावर पाहून मगच बांधकामास हात घालावा, असे त्यांस सुचविले.

त्यांच्या कागदावर शेवटी क्रम असा लिहिला : प्रथम नमुना ८ चा उतारा व नाहरकत दाखला, जे त्यांच्यापाशी होतेच, नंतर पर्यटन संचालनालयाची नोंदणी, त्याबरोबरच अन्न नोंदणी, मग बांधकामाची परवानगी, आणि या साऱ्यानंतर कर्जाचा अर्ज. परदेशी पाहुणा मुक्कामास आल्यास त्याची माहिती २४ तासांच्या आत ऑनलाइन कळविण्याची जबाबदारी यजमानाची आहे, हीही ओळ त्यात लिहिली. आधी जमविलेले कागदही वाया गेले नाहीत. एकल मालकीच्या व्यवसायाच्या नावे बँकेत खाते उघडताना व्यवसायाचे अस्तित्व दाखविणारी दोन कागदपत्रे मागितली जातात. त्यासाठी उद्यम प्रमाणपत्र आणि दुकाने अधिनियमाखालील पोच हीच जोडी सामान्यतः उपयोगी पडते.

नेहमी होणाऱ्या चुका

एक चूक म्हणजे दुसऱ्याच्या नावावरील कागदावर व्यवसाय करणे. खोल्या सुनेने चालवायच्या व नोंदणी मुंबईत नोकरी करणाऱ्या दिराच्या नावे, असे पुष्कळदा आढळते. व्यवसाय जो करतो त्याच्याच नावे नोंदणी असावी. महिलांसाठीच्या सवलतीचा लाभ तर मालकी तिच्या नावे असल्यासच मिळतो.

दुसरी चूक नूतनीकरण विसरण्याची. काही कागद कायमचे असतात, काही मुदतीचे. प्रत्येक कागदाच्या पाठीवर मुदतीची तारीख मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावी.

तिसरी चूक म्हणजे प्रतिष्ठित नाव आपल्या मालास चिकटविणे. अलिबागच्या पांढऱ्या कांद्यास भौगोलिक मानांकन आहे. ते मानांकन वेष्टनावर वापरावयाचे, तर १९९९ च्या अधिनियमान्वये अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. बाहेरगावचा कांदा आणून त्या नावाने विकणारा येथील शेतकऱ्याच्या कष्टावरच घाला घालतो.

चौथी आणि सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे 'आपला धंदा एवढासा, कोण विचारतो?' हा समज. २०२१ च्या जुलै महिन्यात महापूर आला तेव्हा महाड परिसरासह अनेक ठिकाणी दुकानांत पाणी शिरले. त्यानंतर शासनाने जी मदत जाहीर केली, तीत अधिकृत दुकानदार व टपरीधारकांचा विचार केलेला होता. पाणी अधिकृत व अनधिकृत असा भेद करीत नाही, पण पंचनाम्यात तो भेद येतो. ज्याच्या व्यवसायाची कोठेच नोंद नाही, त्याचे नुकसान खरे असूनही कागदावर सिद्ध करणे कठीण जाते. वादळवाऱ्याच्या या किनाऱ्यावर कागद हा छपराइतकाच आवश्यक आहे.

अर्ज अडला तर

बहुतेक अर्ज आता ऑनलाइन करता येतात. ज्यांस ते जमत नाही त्यांनी 'आपले सरकार' सेवा केंद्राचे साहाय्य घ्यावे, ठरलेले शुल्क द्यावे व पावती घ्यावी. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत मिळण्याचा नागरिकास हक्क आहे. मुदत उलटली किंवा अर्ज नामंजूर झाला, तर प्रथम अपील, द्वितीय अपील व अखेर सेवा हक्क आयोग अशी वाट आहे. नामंजुरीचे कारण लेखी मागावे. तोंडी 'होणार नाही' हे उत्तर नव्हे.

कोणत्या योजनेतून भांडवल मिळेल याची चौकशी अलिबाग येथील जिल्हा उद्योग केंद्रात करता येते. जिल्हा उद्योग केंद्रांची योजना १९७८ साली, लहान उद्योजकास एकाच ठिकाणी मार्गदर्शन मिळावे याच हेतूने सुरू झाली. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाची माहिती तेथे मिळते. सुकी मासळी, कोकम, पापड अशा प्रक्रिया उद्योगांसाठी सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्रीय योजनेत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत, अनुदानाची तरतूद २०२० पासून करण्यात आली. योजनांच्या मुदती व अटी बदलत असल्याने जाण्यापूर्वी ताजी माहिती घ्यावी. आणि जाताना वरील चार प्रश्नांची उत्तरे लिहून न्यावीत, म्हणजे समोरच्या अधिकाऱ्यासही नेमके उत्तर देता येते.

अनेक महिन्यांनी त्या रस्त्याने जाण्याचा योग आला. त्या वाडीच्या कुंपणावरील पाटी नवी रंगविलेली होती. 'घरगुती राहण्याची व जेवणाची सोय' या ओळीखाली आता दोन लहान ओळी होत्या : एक पर्यटन नोंदणीची आणि दुसरी अन्न नोंदणीच्या चौदा अंकांची. मागे नव्याने लावलेल्या पोफळीची रोपे कमरेइतकी वाढली होती. न्हाणीघरांचे काम मात्र अजून परवानगीच्या प्रतीक्षेत होते. "उशीर झाला तरी चालेल, साहेब," त्या म्हणाल्या, "पण एकदा बांधलेलं कुणी पाडायला नको यायला."

आपल्या किनाऱ्यावरील प्रत्येक स्वयंरोजगारिताने हेच धोरण ठेवावे. आधी आपले काम ओळखावे, मग त्या कामाचा कागद ओळखावा, आणि तो हाती आल्यावर निर्धास्तपणे पाटी लावावी.